थर्मामीटरची नोकरी

स्वीडनमधल्या लुंडच्या त्या कंपनीत नव्या प्रोग्रामरला शब्द पाठ करायला देत नसत. तो शब्दच व्हायला लावत. ब्लूटूथची परिभाषा कागदावर वाचून कोणाच्या डोक्यात शिरत नाही, असं गुनवोरचं मत होतं, आणि गुनवोर तिथे तीस वर्षं मुरलेली. तिच्यापुढे ब्र काढायची कोणाची टाप नव्हती. तेव्हा सिक्स्टेन लिंदवाल पहिल्याच दिवशी थर्मामीटर झाला.

"जगात तऱ्हा दोनच," गुनवोर म्हणाली. "सेंट्रल म्हणजे विचारणारा. ती मी. पेरिफेरल म्हणजे विचारलं तर सांगणारा. तो तू. आपणहून तोंड उघडायचं नाही. फक्त जाहिरात करायची."

"कसली जाहिरात?"

"स्वतःची! कोणी जोडून घेईपर्यंत दर सेकंदाला आपलं नाव घ्यायचं. चल, उभा राहा तिथे."

सिक्स्टेन शरमेनं अर्धा झाला. शेजारी जिन्यात दिसला तर तो खाली जाईपर्यंत दार न उघडणाऱ्या लोकांतला तो. पण नोकरी हवी होती. सहा महिने कच्ची, मग पक्की. खांबाशी उभं राहून तो "थर्मामीटर, थर्मामीटर" करत राहिला. चाळिसाव्या हाकेला गुनवोरने त्याचा हात धरला.

"जोडला. आता जाहिरात बंद. एकदा जोडलं गेलेलं यंत्र इतर कोणाला सापडत नाही, हे ध्यानात ठेव. तापमान किती?"

सिक्स्टेनने खिडकीबाहेर पाहिलं. "एकोणीस."

"छान. आता शेवटचा शब्द. मी रेंजच्या बाहेर गेले, तर किती वेळ वाट बघून जोडणी तुटली म्हणायची? त्याला टाइमआउट म्हणतात." तिने त्याच्या नोकरीच्या फॉर्मवर '३२' लिहिलं, पिशवी उचलली, आणि वर्षानुवर्षं साठवलेली रजा घेऊन थेट आपल्या शिडाच्या होडीवर गेली.

बत्तीस काय, ते तिने लिहिलं नव्हतं. यंत्रांच्या जगात ते सेकंद असतात. पण फॉर्म गेला कर्मचारी विभागातल्या उलरीकाकडे, आणि तिच्या फॉर्मांवर सगळ्याच मुदती आठवड्यांत असत. तिने इमानेइतबारे पुढे 'आठवडे' लिहून टाकलं. सिक्स्टेनला चूक दिसत होती. पण थर्मामीटरने बोलायचं कसं?

दिवस जाऊ लागले. तो प्रोग्राम लिहून पाठवायचा, ते वापरलेही जायचे. मात्र त्याच्याकडे कोणी ढुंकून बघेना. तीन वाजता सगळे कॉफीला जमत. त्याला तिथे फीका म्हणतात, आणि गप्पांच्या बाबतीत तो फिकाच असतो. चौदा माणसं दालचिनीचे गोल पाव चावत भिंतीकडे बघत बसायची. नोव्हेंबरात कोणीतरी सिक्स्टेनच्या खांद्यावर ओला कोट अडकवला. दुसऱ्या दिवशी तीन कोट आले आणि एक छत्री.

सहावा महिना संपायच्या दिवशी उलरीका फॉर्म घेऊन आली.

"एका तरी सहकाऱ्याचं मत लागतं रे. सगळ्यांना लेखी विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, असं यंत्र आढळलं नाही."

सिक्स्टेनने केविलवाणं तोंड करून कोटांकडे बोट दाखवलं.

"मला दिसतोस तू. पण माझं मत धरत नाहीत. पाच वाजता फाइल बंद होईल, मग तुझं-आमचं संपलं."

घड्याळात पावणेपाच झाले होते. टाइमआउटला अजून सहा आठवडे होते. सिक्स्टेनचं डोकं सणकलं. त्याने कोट झटकून टाकले आणि समोरच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. तिथे तोरकेल नावाचा पन्नाशीचा, पडेल खांद्यांचा गृहस्थ बसायचा.

"तोरकेल! सहा महिने समोर बसलोय. दिसत नाही का तुला?"

साऱ्या मजल्यावरचे कीबोर्ड थांबले. तोरकेल पांढराफटक पडला.

"मी शोधत नाही रे," तो पुटपुटला. "मी पेरिफेरल आहे. मला फक्त सापडता येतं."

"तूसुद्धा? तू कोण?"

"वजनकाटा. अकरा वर्षं झाली. गुनवोरने पहिल्या दिवशी वजन विचारलं. वर कोणी नव्हतं, म्हणून मी शून्य सांगितलं. नंतर कोणी विचारलंच नाही."

सिक्स्टेनने आजूबाजूला पाहिलं. सगळे त्याच्याकडे टक लावून बघत होते, तोंडं किंचित उघडी ठेवून. चौदाच्या चौदा! एकाच बाईला जोडलेले, आणि ती काही विचारेल म्हणून थांबलेले. सहा महिन्यांचा त्याचा राग पार ओसरला आणि त्याला या माणसांचं भयंकर वाईट वाटलं.

"फोड रे एकदाची ही कोंडी," उलरीका घड्याळाकडे बघत कुरकुरली. "पाच मिनिटं उरली."

सिक्स्टेनने बूट काढले. मग एक पाय तोरकेलच्या डाव्या पावलावर ठेवला, दुसरा उजव्यावर, आणि तोल जाऊ नये म्हणून त्याचे खांदे धरले.

"किती?"

तोरकेलने डोळे मिटले.

"एक्काहत्तर किलो," तो म्हणाला. "सहाशे ग्रॅम."

उलरीका जरा घुटमळली. मग जो नाहीच त्याचं वजन भरणार कसं, असं स्वतःशीच म्हणत तिने 'सहकाऱ्याचं मत' या रकान्यात तो आकडा उतरवला आणि फॉर्मवर शिक्का मारला. नोकरी पक्की झाली होती. सिक्स्टेन उतरायला गेला, तर तोरकेलने त्याची बाही घट्ट धरली. आणि कोणी काही विचारलेलं नसताना तो म्हणाला, "एवढ्यात उतरू नकोस."