उपास आता गाठीचा

मी एक जुनी केशवाहिनी आहे. रोवेनाच्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत राहणारी, केसाहूनही बारीक रक्तवाहिनी. मित्रांनो, पापडीच्या वाडीत ती वाकून केळी लावायची, तेव्हा तिच्या पेशींना प्राणवायू पोहोचवणे हे माझे काम. त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही. मी मागितलीही नाही.

शेजारी एक गाठ वाढू लागली. वाढता वाढता तिच्या आतल्या पेशी गुदमरल्या आणि तिने निरोप धाडला: व्हीईजीएफ नावाचे प्रथिन. जखम झाली, की गुदमरलेल्या पेशी हाच निरोप पाठवतात. तो माझ्या भिंतीला चिकटला, की मी नवी फांदी काढते. मी काढली. मग आणखी काढल्या. हाक खरी होती. हाक मारणारी चोर होती. माझ्याच फांद्यांतून रक्त पिऊन ती फुगली आणि रोवेना वाळत गेली.

तेव्हा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू होता.

“मम्मी, किती बारीक झालीस!” तिची मुलगी एलिना म्हणाली.

“उपास फळले गं! ईस्टरला बघ, पुन्हा फुगेन.”

“नको नको,” नवरा फ्लॉईड म्हणाला, “तुझ्या वाटणीचं मटण मी संपवतो.”

सगळे हसले. गाठ तेव्हा पीतच होती. ते हसणे मी विसरलेले नाही.

ईस्टरला रोवेनाने मटणाला हातही लावला नाही. चर्चच्या पायरीवर ती चक्कर येऊन बसली. मग तपासण्या झाल्या. गाठ इतकी मोठी, की लगेच कापता येईना.

सलाईनमधून औषध सोडताना नर्स म्हणाली, “बाकीची औषधं गाठीच्या पेशी मारतात. हे मात्र तिचा निरोप वाटेतच पकडतं. मग नव्या रक्तवाहिन्या फुटत नाहीत.”

“म्हणजे तिच्या पाटाला बांध घालायचा,” फ्लॉईड म्हणाला.

“घट्ट घाला,” रोवेना दात आवळून म्हणाली. “एक थेंब सोडू नका मेलीला.”

निरोप थांबले. माझ्या कोवळ्या फांद्या सुकू लागल्या. त्या माझ्याच होत्या, तरी एकीसाठीही मी हळहळले नाही. परवाच्या स्कॅनमध्ये गाठ आक्रसलेली दिसली. डॉक्टर आता शस्त्रक्रियेचे बोलतात.

मित्रांनो, घरातले कोणी उगाच वाळू लागले, तर उपासाला श्रेय देऊ नका, दवाखान्यात न्या. माझे म्हणाल, तर गाठ कापतील तेव्हा तिच्यासोबत मीही जाईन. चालेल मला. तोवर तिला तडफडताना पाहायचे आहे.

आज रोवेना वाटीभर पेज प्यायली. उपास आता गाठीचा आहे.