चार बोल्ट

युनियन आणि मालकांनी मिळून करार केला होता: नवी मशिनं येतील, पण एकाही कामगाराला काढणार नाहीत. सातपूरच्या त्या कारखान्यात युनियनचा सेक्रेटरी जयराम ही गोष्ट अभिमानाने सांगायचा.

दसऱ्याला जो तो आपापल्या मशिनला हार घालत होता. झुंबर या जुन्या कामगाराचं लेथ मशीन भंगारात गेलं होतं आणि करारानुसार तो आता गेटवर वॉचमन होता. तरी तो सवयीने झेंडूचा हार घेऊन आत आला. मशिनच्या जागी फरशीत फक्त चार बोल्ट उरले होते.

"शेजारच्या नव्या मशिनला घाल की," जयराम म्हणाला.

"ते माझं नाय."

झुंबरने वाकून बोल्टांभोवती हार ठेवला.

"नोकरी तर राहिली ना तुझी?"

"राहिली, साहेब."

पंधरा वर्षं जयरामसोबत एका डब्यात जेवलेल्या झुंबरने त्याला पहिल्यांदाच साहेब म्हटलं.