कपाटातला आवाज

आंदर मावळातल्या आमच्या शाळेत टॅब आले तेव्हा मला वाटलं, चला, खडू-फळ्याची कटकट सुटली. पण कसलं काय! सकाळी लोणावळ्याहून स्कूटी पिटाळत यायचं, कपाट उघडून टॅब वाटायचे, कोणी रेडकू नाचतानाचे व्हिडिओ भरून ठेवलेले असतील ते पुसायचे, संध्याकाळी सगळे टॅब पुन्हा कपाटात चार्जिंगला लावायचे आणि कुलूप घालून किल्ली पर्समध्ये टाकायची, हीच माझी खरी नोकरी झाली. पोरं मात्र बेहद्द खूश होती, आणि खरं सांगू, मीही होते.

त्यातलं वाचनाचं ॲप तर फारच गमतीचं. मुलाने धडा मोठ्याने वाचायचा, टॅब तो ऐकून साठवणार आणि वर गुणही देणार. पहिल्या वाचनात जो आवाज ऐकला तोच त्या मुलाचा, असं तो धरून चालायचा, त्यामुळे एकाच्या नावावर दुसऱ्याने वाचायची लबाडी चालत नसे.

तिसरीतल्या प्रतीक्षाला मात्र मी टॅब नुसता चित्रं बघायला दिला होता. दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर तिचं बोलणं जे थांबलं ते थांबलंच; घशात काही दोष नाही, असं डॉक्टर सांगत. दिवाळीपर्यंत बोलली नाही तर तिला पुण्याच्या मुक्या मुलांच्या वसतिगृहात ठेवायचं, असं तळेगावच्या कंपनीत कामाला जाणाऱ्या तिच्या वडिलांनी ठरवलं होतं. तिची आई ज्योत्स्ना रोज शाळा सुटताना दारात उभी राहायची आणि मला विचारायची, "बोलली का वो बाई?" मला त्या बाईच्या तोंडाकडे बघवत नसे.

आणि एका सोमवारी बघते तर प्रतीक्षाच्या नावापुढे पैकीच्या पैकी गुण! मी वाचन लावलं. स्वच्छ, गोड, कुठेही न अडखळणारा आवाज. "अगं चोरटे, तू वाचलंस?" मी ओरडलेच. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

ज्योत्स्नाला बोलावून घेतलं. तिने टॅब कानाशी धरला, पुन्हा पुन्हा ऐकला.

"हिचाच हाय ना वो बाई?" तिने विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाली, "व्हय, हिचाच." मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी ते वाचन तिच्या मोबाईलवर पाठवलं, वसतिगृहाचा विषय बारगळला आणि खिचडी करणाऱ्या भामामावशींनी त्या दिवशी खिचडीवर खोबरं पेरलं.

परत जाताना माझ्या लक्षात आलं, की त्या वाचनावर तारीख रविवारची होती, आणि रविवारी कपाट बंद, किल्ली माझ्या पर्समध्ये. म्हटलं, मशीनची तारीख चुकली असेल. उगाच कशाला डोक्याला ताप? दर सुट्टीनंतर नवं वाचन सापडू लागलं आणि ज्योत्स्ना ते मोबाईलवर घेऊन भाकऱ्या थापताना ऐकू लागली. एकदा धडा संपल्यावर तो आवाज म्हणाला, "आई, भाकरी झाली का गं?" ज्योत्स्नाला कोण आनंद झाला! मीही हसले, पण ती गेल्यावर पुस्तक उघडून पाहिलं. त्या धड्यात असं वाक्य नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी मुलं खिचडीच्या पंगतीला बसली होती. प्रतीक्षा घास गिळून म्हणाली, "मावशी, मीठ कमी हाय."

मग जो काही गिल्ला झाला! खिचडीला नाव ठेवलं की एरवी पळी उगारणाऱ्या भामामावशींनी तिला उचलूनच घेतलं. "माझ्या खिचडीला नाव ठिवून बोलली गं बाय माझी!" आवाज घोगरा होता, जाडसर, दोन वर्षं न वापरलेला. मी तिला मिठी मारून रडले, सांगायला कसली लाज?

ज्योत्स्ना धावतच आली. मी प्रतीक्षापुढे टॅब ठेवला आणि म्हटलं, "वाच बाळा, आईला ऐकव." ती ओळीखाली बोट फिरवत, अडखळत वाचू लागली, आणि टॅबने तिला मध्येच थांबवलं. "हा आवाज प्रतीक्षाचा नाही. कृपया प्रतीक्षाला वाचू द्या."

पोरं खो खो हसली. "मेलं हे यंत्र!" असं म्हणत मी ते बंद केलं. प्रतीक्षाने मान वर केली. "आई," ती म्हणाली, "मी बोलले."

ज्योत्स्नाचा चेहरा नुसता फुलला होता. तिने कौतुकाने प्रतीक्षाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग तिने बाकावरचा टॅब उचलला, पदराने हळूच पुसून छातीशी धरला आणि वाकून प्रतीक्षाला विचारलं, "लय गुणाची पोर हाय. कुणाची गं तू?"