चौदा कुंड्यांखालचा रॅम्प

मी एक रॅम्प बोलतोय. जिना नाही, ओटा नाही. आकाशपाळण्याशेजारी उभं राहून तुम्ही फोटो काढलात आणि मागच्या शेवंतीचं कौतुक केलंत ना, त्या शेवंतीच्या खाली असतो तो मी.

माझा जन्म जळगाव जामोदच्या रस्त्यावरच्या एका बागेत झाला. मालकांना कुणीतरी सांगितलं, अपंगांसाठी सोय पाहिजे. मालक म्हणाले, करून टाका. गवंड्यानं मला खरखरीत सिमेंटनं बांधलं, आणि ते बरोबर होतं. पण मालकांना मी अगदीच गरिबाघरचा दिसलो. स्वतःच्या नव्या घरातून उरलेली चकचकीत फरशी त्यांनी माझ्या अंगावर बसवली. उद्घाटनाला नारळ फुटला, फीत कापली, आणि प्रमुख पाहुणे माझ्यावरून घसरून खाली बसले. पुन्हा कुणी घसरू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी माझ्यावर चौदा कुंड्या मांडल्या. तेव्हापासून माझ्यावर एकही अपघात झालेला नाही.

मग एका सोमवारी भागवतभाऊंचा फोन वाजला. भागवतभाऊ बागेचे व्यवस्थापक. ते माझ्याच कठड्यावर बसून बोलतात. पिंपळगाव राजा या गावची महामाया विचारत होती, "मी चाकाच्या खुर्चीत असते. पाळण्यापर्यंत खुर्ची जाते का भाऊ?"

"हाव ताई, रॅम्प हाय ना! एकदम फस्क्लास. तुम्ही या तर खरं."

तिनं बुधवारी परत विचारलं, शुक्रवारी परत. भागवतभाऊंनी तिन्ही वेळा सांगितलं, सगळी सोय हाय. त्यांना खोटारडे म्हणू नका. मी होतोच की.

रविवारी ती आली. एकोणीस वर्षांची, बारीक अंगाची, दंड मात्र भक्कम. सोबत तिचे वडील कचरू.

"भाऊ, रॅम्प कुठी हाय?"

भागवतभाऊंनी शेवंतीकडे बोट दाखवलं.

मग आपल्या लोकांचा चांगुलपणा सुरू झाला, आणि तो एकदा सुरू झाला की आवरत नाही. रांगेतले चार बाप्ये बाह्या सरसावून पुढे आले. "उचलू ना! किती येळ लागते!"

"मले उचलू नोका," महामाया म्हणाली.

चौघांचे चेहरे पडले. एक जण म्हणाला, "अवं पोरी, पुण्याचं काम हाय, करू दे."

"एकोणीस वर्षं मले बाबानं उचललं. शाळेत, एसटीत, दवाखान्यात. आता त्याहीची कंबर गेली. एक जागा तरी मले माह्या हातानं चढू द्या. त्याच्यासाठी तीन फोन केले मी."

कचरूंचे हात सवयीनं पुढे आले होते. ते त्यांनी मागे घेतले, आणि मग त्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचेना.

झाडलोट करणाऱ्या आशाबाई तिथंच होत्या. त्या चौघांना म्हणाल्या, "उचलायची लय हौस हाय ना? मंग हे उचला." आणि पहिली कुंडी स्वतः उचलली.

चौदा कुंड्या हलल्या. कित्येक महिन्यांनी मला ऊन लागलं. महामायानं चाकं फिरवली, अर्ध्यापर्यंत आली आणि फरशीवरून सरकत मागे गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आशाबाईंनी नळाखाली पोती भिजवून आणली, माझ्यावर अंथरली, कडांवर विटा ठेवल्या. "चढ माय आता."

ती चढली. दोनदा थांबून दम खाल्ला. कचरू मागून दोन्ही हात पसरून येत होते, पण खुर्चीला त्यांनी बोट लावलं नाही. माझ्या जन्मात पहिल्यांदा चाकं माझ्यावरून पार वरपर्यंत गेली. चांगलं वाटलं. फार चांगलं वाटलं, खोटं कशाला सांगू?

"पोचली मी बाबा!"

कचरूंनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. धूळ लय हाय इथं, म्हणाले. ती हातांच्या जोरावर पाळण्यात सरकली, बापाला शेजारी बसवलं आणि वर गेली.

निघताना भागवतभाऊ म्हणाले, "ताई, पुढच्या बारीनं आधी फोन करजा. कुंड्या काढून ठेवतो."

"आता फोन नाही करणार," महामाया म्हणाली. "हे एवढे लोक पाळण्यात बसतात, ते काय फोन करून येतात?"

सोमवारी कुंड्या माझ्यावर परत आल्या. पोती आशाबाईंनी कठड्यामागे जपून ठेवलीत. महामाया कोणत्या दिवशी येईल, मला माहीत नाही. म्हणून तुम्ही फोटो काढायला आलात तर एवढं करा, जाता जाता एक कुंडी खाली उतरवून ठेवा. चौदा जण आले की झालं.