सदतीस नंबरची वही

तिने गठ्ठ्याची दोरी सोडली, वरचं पान पाहिलं आणि दोरी तशीच परत बांधायला लागली.

"अगं, बांधतेस काय?" आत्या म्हणाली. "पानं लावायचीत आपल्याला. पार्सल नाही करायचं."

तिने दोरी पुन्हा सोडली. वरच्या पानावर सोनेरी शाईत छापलं होतं, 'समृद्धीची वही'. खाली एक चौकोन आणि त्यात कुणीतरी निळ्या पेनाने लिहिलेला आकडा, बावीस. टेबलावर असे कितीतरी गठ्ठे पडले होते आणि बाबा खिडकीजवळ लाल कापडाचे तुकडे कापत उभे होते.

"कुठलं काम आहे हे?" तिने विचारलं. विचारताना आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं.

"कसलंसं शिबिर झालं म्हणे मोठ्या हॉटेलात," बाबा मान वर न करता म्हणाले. "लोकांनी तिथे लिहिलेली पानं आहेत. साठ वह्या, लाल कापड, सोनेरी अक्षरं. बुधवारी द्यायच्यात. बारा काल केल्या मी, शिकंज्यात आहेत. बाकीच्या तिघांनी मिळून आवरू."

शिकंजा कोपऱ्यात होता. दोन जाड फळ्या, वर लोखंडी स्क्रू, आणि मध्ये दाबून धरलेल्या बारा लाल वह्या.

शिबिर कसलं ते तिला चांगलं माहीत होतं. सहा रविवार ती त्याच हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये, मखमली खुर्चीवर बसून आली होती. गेल्या रविवारी प्रशिक्षकांनी सगळ्यांची पानं गोळा केली आणि सांगितलं, की हे तुमच्या नव्या आयुष्याचं पहिलं पुस्तक, ते सुंदर बांधून तुमच्या हातात येईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने जरा जास्तच वाजवल्या. ते बांधणार कोण, हा विचार बाइंडरच्या मुलीच्या डोक्यात एकदाही येऊ नये म्हणजे कमालच होती. शहरात बाइंडर उरलेत चार, त्यात कमी पैशात आणि वेळेवर देणारा एक.

घरी सगळ्यांना वाटत होतं की ती डिझाइनच्या क्लासला जाते. दर रविवारी, सहा महिने, पुस्तकांची मुखपृष्ठं आणि जाहिराती करायला शिकवणारा क्लास. दातांच्या दवाखान्यात फोन उचलण्यात सहा वर्षं गेली होती तिची, आणि क्लासचं तिनेच काढलं होतं. फीचा आकडा ऐकून आत्याने भुवया चढवल्या. बाबांनी मात्र कपाटातून पाकीट काढून तिच्या हातात दिलं. कागद कापायचं विजेवरचं यंत्र घ्यायला साठवलेले पैसे होते ते. जुन्या यंत्राचा दांडा ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा कायमचा धरला होता.

"यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल," ते म्हणाले होते. "तू शीक."

ती खरोखरच फी भरायला निघाली होती. पण त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर एक फुकट व्याख्यान चाललं होतं. पोरंटोरं शिकून नोकरी मिळवतात, विचार बदलणारे मालक होतात, असं एक सुटातला माणूस सांगत होता, आणि सांगताना नेमका तिच्याकडे पाहत होता. तो सगळ्यांकडेच नेमका पाहतो हे तिला तिसऱ्या रविवारी कळलं. पाकीट पहिल्याच दिवशी शिबिराच्या फीत गेलं.

"ऐका, ऐका," आत्या चष्मा नाकावर सरकवत म्हणाली. तिच्या हातात सुई, मांडीवर गठ्ठा. "या नऊ नंबरच्या गृहस्थांना सहा महिन्यांत तीन गाड्या हव्यात. लावणार कुठे ते नाही लिहिलं."

"वाचू नकोस गं," बाबा म्हणाले.

"आणि ही बघ. 'माझी समृद्धी माझ्या सासूने अडवून ठेवली आहे.' हिचं मात्र मला खरं वाटतं हं, दादा."

"आपण नंबर बघायचे, मजकूर नाही. किती वेळा सांगायचं?"

"वेळ जातो म्हणून वाचते. शिवून शिवून बोटं दुखतात."

"आपलं काम नाही ते."

हा दुकानाचा नियम ती लहानपणापासून ऐकत आली होती. वकिलांची कागदपत्रं यायची, दवाखान्यातली रजिस्टरं यायची, कुणाच्या मेलेल्या आजोबांच्या डायऱ्या यायच्या. बाबा पानाचा खालचा कोपरा तेवढा बघायचे, जिथे आकडा असतो. आज त्या नियमाला ती बुडत्यासारखी धरून बसली. त्यांनी फक्त आकडे पाहिले असतील. वहीवर कुणाचंच नाव नव्हतं. नाव म्हणजे जुनी ओळख, ती दाराबाहेर ठेवा, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती तिथे सदतीस होती.

पण अक्षर? तिने मान वर केली आणि लगेच खाली घातली. समोरच्या फळीवर ओळीने तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. सुती दोरा, जाड. सुती दोरा, बारीक. पुठ्ठा, निळं कापड, मेणकागद. आधी वरची रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, ही तिची खोड होती. बाबांनीच दिलेली.

"आज क्लास बुडवलास वाटतं, ताईसाहेब?" आत्याने विचारलं. "शिकवतात तरी काय तिथे? या वहीवरची अक्षरं बघ, कशी फतकल मारून बसलीत. तुझ्या क्लासात दाखव म्हणावं हे."

तिचा हात थांबला. आता काहीतरी रचायला हवं होतं, मास्तरांना ताप आला वगैरे.

"तिला काम करू दे," बाबा म्हणाले. "दोरा संपत आलाय. जाऊन रीळ घेऊन येतेस का तू?"

"मीच का? हिचे पाय तरुण आहेत."

"तुला रंग बरोबर कळतो."

आत्या कुरकुरत, पण स्तुतीने जराशी खूश होऊन, चपला घालून गेली. बाबा मागच्या बाजूला खळ शिजवायला गेले. भांडं स्टोव्हवर ठेवल्याचा आवाज आला.

ती पटकन उठली. गठ्ठे नंबराप्रमाणे लावतेय असं दाखवत तिने सगळे चाळले. ते पाठवणाऱ्याने कसेही भरले होते. चोवीस सापडला, एकावन्न सापडला, छत्तीसही सापडला. त्याच्याखाली अडतीस. तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. सदतीस नव्हता. म्हणजे तो कालच्या बारांत होता.

त्या वहीत बाराव्या पानावर प्रश्न होता, तुम्हाला लहान ठेवणारी व्यक्ती कोण, मोकळेपणाने लिहा. हॉलमध्ये संगीत लावलं होतं. शेजारची बाई लिहिता लिहिता रडत होती. तिलाही रडावंसं वाटत होतं आणि रडू येत नव्हतं, म्हणून तिने भराभर लिहिलं. माझे बाबा. ते पाठकोरे कागद जपून ठेवतात. त्यांच्या हातांना कायम खळीचा वास येतो, मैत्रिणी घरी आल्या की मला लाज वाटते. त्यांना पैसे खर्च करायची भीती वाटते. त्यांनी कधी कुणावर मोकळ्या हाताने खर्च केला नाही. मला त्यांच्यासारखं व्हायचं नाही.

मग उठून तिने ते सगळ्यांसमोर वाचूनही दाखवलं होतं. प्रशिक्षकांनी खांद्यावर हात ठेवून तिला धाडसी म्हटलं. घरी येताना बसमध्ये तिला अगदी हलकं वाटत होतं. ज्यांच्या पैशांनी ती त्या खुर्चीवर बसली होती, त्यांच्याबद्दल हे लिहिताना तिचा हात एकदाही अडखळला नव्हता, हे तिला पुढचे चार रविवार सुचलंच नाही. शेवटच्या रविवारी पानं परत देताना ते पान समोर आलं आणि तिने ते फाडायला घेतलं. अर्ध्यापर्यंत फाटलं तेवढ्यात निळ्या कोटातली मुलगी धावत आली. "फाडायचं नाही हं, आम्ही पानं मोजून घेतो." तिने ते तसंच गठ्ठ्यात सरकवून दिलं.

मागून स्टोव्हची घरघर ऐकू येत होती. तिने शिकंज्याचा स्क्रू फिरवला. एक वळसा, दोन, तीन. वरची फळी सैल झाली. वह्यांच्या कण्यांवर बाबांनी पेन्सिलीने बारीक आकडे घातले होते. वरून चौथी सदतीस होती. तिने ती ओढून काढली. कापड अजून गार, दमट लागत होतं.

फाटकं पान काढून टाकायचं, एवढंच तिच्या मनात होतं. ते नसलं तर बाकी वही म्हणजे गाड्या, बंगला आणि परदेशवारी, ते कुणीही वाचलं तरी हसण्यापलीकडे काही नव्हतं.

अकरावं पान उलटल्यावर मेणकागद आला. दोन्ही बाजूंनी घातलेला, शेजारचं पान चिकटू नये म्हणून. तिने तो बाजूला केला.

पान फाटलेलं नव्हतं. म्हणजे होतं, पण ते जोडलं होतं. फाटलेल्या रेषेवरून सायीसारखा पातळ कागद चिकटवलेला होता, कडा बोटाने दाबून दाबून सपाट केलेल्या. उजेडाकडे धरल्याशिवाय जोड दिसलाही नसता. चीर नेमकी 'लाज' या शब्दातून गेली होती आणि त्या शब्दाची वरची रेघ आता कुठेही तुटत नव्हती.

फाटलेलं पान कसं जोडतात ते तिला कुणी सांगायला नको होतं. दहाव्या वर्षी बाबांनी तिला स्टुलावर बसवून शिकवलं होतं. खळ लावून दोन्ही कडा जवळ आणायच्या आणि मग शब्द जुळवायचे, एकेक अक्षर, एकेक ओळ, वरपासून खालपर्यंत. एका अक्षराने चुकलं तर सगळं पान तिरपं होतं. कोपऱ्यातला आकडा बघून हे काम होत नाही. त्यासाठी वाचावंच लागतं, आणि सावकाश.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तिला वाटलं, आणि धरणी नेहमीप्रमाणे जागच्या जागी राहिली. मग तिला सकाळ आठवली. दर रविवारी चहाच्या वेळी बाबा विचारायचे, आज काय शिकवणार आहेत? आज ते दारात येऊन फक्त म्हणाले होते, दुकानात येतेस का जरा. क्लासचं नावही काढलं नव्हतं. आणि ती मूर्खासारखी खूश झाली होती, की चला, आजचं खोटं वाचलं.

स्टोव्हची घरघर थांबली होती. ती कधी थांबली हे तिला कळलं नाही. बाबा खळीचं भांडं फडक्याने धरून दारात उभे होते. त्यांनी सैल झालेला स्क्रू पाहिला, तिच्या हातातली उघडी वही पाहिली, आणि भांडं टेबलावर ठेवून खळ ढवळायला लागले.

"बाबा," ती म्हणाली.

"गुठळी राहिली की काय बघतोय," ते म्हणाले.

"बाबा, मी क्लासला गेलेच नाही."

ते ढवळत राहिले. भांड्यातून वाफ येत होती. त्या वासाची तिला पहिल्यांदाच लाज वाटत नव्हती. स्वतःची वाटत होती, इतकी की मान वर होईना.

"पैसे सगळे—"

"माहीत आहे. साठ वह्यांचं काम द्यायला आलेल्या मुलाने शिबिराची फी सांगितली. आकडा ओळखीचा वाटला." त्यांनी चमचा भांड्याच्या काठावर आपटून झटकला. "तेव्हा म्हटलं असेल योगायोग."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिने वही घाईने लांब धरली. कागदावर थेंब पडू द्यायचा नाही हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"दादा, निळसर लाल मिळाला गं बाई एकदाचा!" आत्याचा आवाज रस्त्यावरूनच आला. चपला अजून पायरीपर्यंत पोचल्या नव्हत्या.

बाबांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पुढची बॅच कधी आहे त्या क्लासची?"

"एक तारखेला," ती कशीबशी म्हणाली. "फी मी भरेन. माझ्या पगारातून."

"भर," ते म्हणाले. "आणि तो मेणकागद परत घाल आधी. पान अजून ओलं आहे."

तिने मेणकागद घातला, वही मिटली आणि वरून चौथ्या जागी सरकवली. मग दोन्ही हातांनी स्क्रू धरला. एक वळसा, दोन. तिसऱ्याला ती थांबली आणि तिने मागे वळून पाहिलं.

"अजून थोडा," बाबा म्हणाले.