सरांच्या लेखाखाली

बॉक्सिंगच्या सरांनी तिच्या कानाखाली मारली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. हातमोजा काढून, उघड्या हाताने, लागोपाठ चारदा. चौथ्या फटक्याला डाव्या कानातून रक्त आलं आणि तो कान कायमचा गेला. घरी तिने पाय घसरल्याचं सांगितलं.

बारा वर्षांनी तिने सरांच्या ब्लॉगवर एक लेख वाचला, ‘हात न उगारता घडवलेले खेळाडू’. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आता ती पुस्तकं बांधायच्या कारखान्यात होती. जेवणाच्या सुट्टीत तिने आपल्या ब्लॉगवर सगळं लिहिलं आणि सरांच्या लेखाचा दुवा दिला. तिचा ब्लॉग साधा, दुवा दिला तरी त्यातून सरांच्या ब्लॉगला आपोआप सूचना जात नसे. सरांच्या लेखाखाली मात्र एक चौकट होती. तिथे आपल्या लेखाचा पत्ता हाताने टाकला की त्याची नोंद लगेच खाली दिसे.

“मढं उकरून काय मिळणार तुला?” शेजारी बसणाऱ्या काकू म्हणाल्या.

“मला काहीच नाही,” म्हणत तिने बटण दाबलं.

संध्याकाळपर्यंत सरांनी ते उडवलं. तिने पुन्हा पाठवलं. त्यांनी उडवायचं, हिने पाठवायचं, असं आठवडाभर चाललं. मग एका दुपारी सर थेट कारखान्यात घुसले.

“आता तोंड फुटलं होय गं तुला?” त्यांनी तिचे केस धरून डोकं टेबलावर आपटलं. ओठ फाटला, बांधायला ठेवलेल्या पानांवर रक्त सांडलं. “काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!”

तिने नकारार्थी मान हलवली. सरांनी तिच्या उजव्या, धडधाकट कानाकडे हात उगारला. त्या फटक्याचा आवाज तिला ठाऊक होता. हाताशी होतं ते दाभण तिने उचललं आणि त्यांच्या तळहातातून आरपार घातलं. सर गुडघ्यावर कोसळले, लहान पोरासारखे किंचाळले. ती दुसऱ्यांदा दाभण उगारतच होती, तेवढ्यात काकूंनी तिला मागून मिठी मारली.

“बास! बास झालं, पोरी!”

दवाखान्यात ओठाला सहा टाके पडले. पोलीस दारात बसून होते. गुन्हा दोघांवरही दाखल झाला.

काकूंनी फोन तिच्यापुढे धरला. सरांच्या लेखाखाली तिच्या नोंदीनंतर त्यांच्या आणखी दोन जुन्या खेळाडूंच्या लेखांचे पत्ते आले होते. सरांच्या मारात एकाचा दात गेला होता, एकीचं मनगट मोडलं होतं. दोघांनीही ते हातानेच पाठवले होते.

ती ते वाचत राहिली. रडताना टाके ताणले जात होते.