हातात सगळ्यांत कमी

माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच महिन्यात, एकाच दवाखान्यात डोळे तपासायला लागलो. शिक्षण सारखं, काम सारखं, पगारही सारखा. फक्त ती पंचविशीची आणि मी दोन पोरं हाताशी आल्यावर बाहेर पडलेली, चाळिशीला टेकलेली. त्यातच सरकारने नव्याने कमावणाऱ्या तरुणांना आयकरात सवलत दिली, तिशीच्या आतल्यांना. म्हणजे तिचा पगार अख्खा घरी येतो आणि माझा कर कापून. अहो, मीही नवीच होते की! पण माझं नवेपण कुणी धरलंच नाही.

जळत होते मी, खोटं कशाला बोलू? तिने साधे बूट घेतले तरी माझ्या पोटात दुखायचं. वर ती विचारायची, "ताई, तुम्हालाही आणू का?" तेव्हा तर अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग सासरे जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. काही महिने कुणीतरी घरी राहणं भाग होतं. रविवारी दुपारी दिराने तोडगा काढला.

"ज्याच्या हातात पगार कमी येतो, त्याने राहावं. साधा हिशोब आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नवऱ्यानेसुद्धा.

"हिची सवलत पहिल्या काही वर्षांपुरतीच," दीर पुढे म्हणाला. "हिने आत्ता सोडलं तर ती फुकट जाईल. वहिनी, तुमचं तसं काय जातंय?"

स्वयंपाकघरातून त्या दवाखान्यापर्यंत पोचायला मला बारा वर्षं लागली होती. तिथे लांब रजा मिळत नाही, जागा सुटली की सुटली. जाऊ मान खाली घालून नखं बघत होती. मला तिच्या नखांचाही राग आला.

"हिशोब मान्य," मी म्हणाले आणि नवऱ्याकडे वळले. "गाडीचा हप्ता कापून तुझ्या हातात किती येतात?"

"अगं, माझं काय मध्येच?"

"माझ्यापेक्षा कमी. घरात सगळ्यांत कमी. आणि तुला रजाही मिळते."

जाऊ फस्सकन हसली. हसायचा पहिला मान तरी माझा होता, तोही तिनेच घेतला.

नवरा कसाबसा म्हणाला, "पण बाबांचं करायला बाईमाणूसच लागतं."

आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "मला लाज वाटते रे सुनेकडून आंघोळ घालून घ्यायची. तू राहा."